एखाददुसरी पुडी

ओकसिम सकाळी डोळे उघडायची आणि पहिला हात डोक्यावर न्यायची. आज ठणका डाव्या बाजूला आहे की उजव्या, एवढंच पाहायचं. आहे की नाही, हा प्रश्न गेल्या वीस वर्षांत तिला पडलाच नव्हता. मग उशीशेजारचा पत्र्याचा डबा, डब्यातली डोकेदुखीची पुडी. कागद उलगडायचा, मान मागे टाकायची, भुकटी जिभेच्या मुळाशी ओतायची. पाणी नाही, काही नाही. रिकाम्या कागदाला दोन बोटांनी पीळ देऊन एक गाठ मारायची, म्हणजे तो वाऱ्यानं उडून समुद्रात जात नाही. आमच्या जेजू बेटाचा वारा मेला असा, की एक दिवस माणसांनाही गाठी मारून ठेवाव्या लागतील.

पुडी ही काही तिची एकटीची मिजास नव्हती. शंखांसाठी दम धरून समुद्राचा तळ गाठणाऱ्या आमच्या गावच्या सगळ्याच पाणबुड्या बायका ती घेतात. दिवसाला शंभर-दीडशे बुड्या मारायच्या. प्रत्येक बुडीला कान दबतात, कपाळ दबतं, आणि वरून ती रबरी टोपी डोकं आवळून बसलेली. पोटात अन्न असलं तर पाण्याखाली ढवळतं, म्हणून सकाळी बाई उपाशी, आणि त्या उपाशी पोटात पुडी. ओकसिम सोळा वर्षांची असताना तिच्या आईनं “तोंड उघड” म्हणून पहिली पुडी तिच्या जिभेवर ओतली होती. त्या दिवशी तिला वाटलं होतं की आपण मोठ्या झालो. आता ती सहासष्ट वर्षांची होती.

तिची एकुलती एक लेक युनजू बुसानला केस कापायचं दुकान चालवायची. दुकान बसलं, नवरा दुसरीकडे गेला, आणि सदतिसाव्या वर्षी दोन पिशव्या घेऊन पोरगी आईच्या दारात उभी राहिली. मला समुद्र शिकव म्हणाली. ओकसिमनं तिला दारातच फैलावर घेतलं. डोकं फुटेस्तोवर पाण्यात राहून मी तुला शाळा शिकवली, ती याच पाण्यात परत बुडवायला का, म्हणून विचारलं. तीन दिवस मायलेकींत बोलणं नव्हतं. चौथ्या दिवशी ओकसिमनं स्वतःचा जुना रबरी पोशाख ठिगळं लावून तिच्यापुढे टाकला. करणार काय? पोटची पोर होती, आणि तिला दुसरं काही उरलं नव्हतं.

आमच्या गावचा नियम कडक आहे. नव्या बाईनं वर्षभरात साठ दिवस पाण्यात काढायचे, तेही जिनं तिची हमी घेतली त्या बाईच्या सोबतीनं. हमीवाली किनाऱ्यावर, तर नवीही किनाऱ्यावर. साठ भरले की जुन्या बायका बसून ठरवतात, घ्यायची की नाही. तोवर ती शेकोटीभोवतीच्या गोल दगडी कड्याच्या आत बसत नाही. बाहेर वाऱ्यात उभी राहते, गरम पाण्याचा पेला हातात धरून. गोड शब्द नाही, शेक नाही, पुडीही नाही. बोकनाममावशी म्हणजे आमच्यातली म्होरकी, वय एकोणऐंशी, तोंड विळ्यासारखं. सोलहून आलेल्या एका मुलीचे चार दिवस कमी पडले होते, तर तिनं तिला सरळ परत पाठवली होती. “समुद्र काय पाहुण्यांची ओसरी आहे?” असं ती त्या मुलीच्या आईला म्हणाली होती.

वैशाखाच्या सुमारास ओकसिम वर आली ती तरंगत्या भोपळ्याला मिठी मारूनच. आमचा भोपळा आता भोपळा राहिला नाही, नारिंगी फोमचा गोळा असतो, पण नाव तेच. त्यावर मान टाकून ती ओकली, आणि समोर तिला एकाच्या जागी दोन युनजू दिसल्या. पोरीनं त्याच दुपारी तिला गाडीत घालून शहरात डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर तरुण बाई होती. शांतपणे सगळं लिहून घेत होती. तिनं विचारलं, “पुड्या दिवसाला किती घेता, आजी?”

“एखाददुसरी,” ओकसिम म्हणाली.

पाच घ्यायची. थंडीत सात.

डॉक्टरनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुढचं सांगितलं ते असं, की महिन्यातून दहा दिवसांपेक्षा जास्त घेतली तर पुडीच डोकं दुखवायला लागते. मुळातली अर्धशिशी वेगळी, ती मधूनमधून यायची. हे रोजचं दुखणं पुडीचं आहे. सगळ्या बंद करा. पहिले पंधरावीस दिवस नरक भोगाल, मग हळूहळू सुटेल. महिनाभर पाण्यात पायसुद्धा घालायचा नाही.

ओकसिमला हसूच आलं. पन्नास वर्षं जिला राखण म्हणून ठेवली, तीच आतून खात होती. कुंपणच शेत खायला लागलं तर तक्रार कुणाकडे न्यायची? युनजूनं मात्र डॉक्टरला पुन्हा एकदा विचारलं, “दहा दिवस म्हणालात ना? आणि नव्या माणसालाही असंच होतं?” डॉक्टर हो म्हणाली. परतीच्या वाटेवर पोरगी गप्प होती. आपल्या काळजीनं गप्प झाली, असं वाटून ओकसिमला आतून बरं वाटलं.

महिनाभर बसायचं म्हणजे युनजूचे दिवस जाणार. तेव्हा जेमतेम एकवीस झाले होते, आणि वर्ष पौषात संपणार होतं. वादळं, लाटा आणि शंख काढायला बंदीचे महिने वजा केले तर हाताशी फार काही राहत नव्हतं. बोकनाममावशीला खरं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, आजारी बाईची हमी चालत नाही. म्हणून ओकसिमनं डॉक्टरचं सगळं पोटात ठेवलं आणि युनजूलाही तोंड शिवायला लावलं.

पण हातपाय गाळून बसणारी ती नव्हती. आम्ही भांगाच्या भरतीत पाण्यात उतरतो, तेव्हा ओढ कमी असते. उधाण आलं की सात-आठ दिवस सुट्टी. ओकसिमनं ठरवलं, या सुट्टीत पुडी सोडायची. उधाणाच्या पहिल्या दिवशी तिनं डबा युनजूच्या हाती दिला आणि मागच्या कोठीत, मुळ्यांच्या पोत्यांशेजारी, खिडकीला गोधडी लावून आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी दात दुखायला लागले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या कोंबड्याचा आवाज कपाळात खिळ्यासारखा शिरू लागला. भाताची वाफ आली तरी ओकारी यायची. युनजू ओलं फडकं बदलत राहायची आणि अधूनमधून बाहेर जाऊन यायची. पाचव्या दिवशी ओकसिम लहान पोरीसारखी रडली. आईला हाका मारल्या, मग तिलाच शिव्या घातल्या. सातव्या दिवशी किंचित, अगदी किंचित, पीळ सैल झाल्यासारखा वाटला. आठव्या दिवशी पहाटे बोकनाममावशीनं कुंपणावरून हाक दिली, “ओकसिम, भांग लागला. येतेस ना?”

त्या डोक्यानं बुडी मारली असती तर ती वर आली नसती. आणि ती गेली नसती तर युनजू गेली नसती. तिनं डबा मागितला. अर्ध्या तासात जग परत जागेवर आलं, इतकं गोड की तिला स्वतःची लाज वाटली.

असं तीनदा झालं. समुद्र आठ दिवस मोकळं सोडायचा आणि डोक्याला महिना हवा होता. प्रत्येक वेळी ती नरकातून अर्धी वाट चालून जायची आणि तिथूनच तिला परत फिरवलं जायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली होती. चौथ्या उधाणाला तिनं प्रयत्नच केला नाही. तिला वाटलं, पोरीचे साठ भरू देत. पोर एकदा कड्याच्या आत बसली की मी माझी मोकळी. तिची ती जाईल, मी कोठीत पडेन महिना काय, दोन महिने. तेवढ्या एका विचारावर तिनं आश्विन काढला, कार्तिक काढला. सकाळी पुडी गिळताना ती मनात दिवस मोजायची. त्रेचाळीस, एकावन्न, अठ्ठावन्न.

मार्गशीर्षात, बोचऱ्या वाऱ्याच्या एका दिवशी, साठ भरले. दुसऱ्या दिवशी उतरण्याआधी बायका शेकोटीभोवती बसल्या आणि बोकनाममावशीनं एकेकीचं तोंड पाहिलं. कुणी नाही म्हटलं नाही. एकीनं टोमणा मारला, की पोरगी बुडी मारते बरी, पण वर येऊन दम सोडताना शिट्टी घालते ती बुसानच्या टपोरी पोरांसारखी. बायका पोट धरून हसल्या. मावशीनं बाहेर उभ्या युनजूला बोटानं आत बोलावलं आणि आईशेजारची जागा दाखवली. “बस. आजपासून तू आमच्यातली.”

ओकसिमनं त्या सकाळी पुडी घेतली नव्हती. लेकीचे साठ काल भरले, आजपासून आपली सुरुवात, आज पोरीला एकटीलाच पाठवायचं, असं तिनं रात्रीच ठरवलं होतं. डोकं घणाघण वाजत होतं आणि तरीही तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

मग मावशीनं मांडीवरचा डबा उघडला आणि पहिली पुडी युनजूपुढे धरली. नव्या बाईला पहिली पुडी म्होरकीच्या हातची, ही आमची रीत.

ओकसिमनं तो हात मध्येच धरला. “मावशी, माझ्या पोरीला नको,” ती म्हणाली. आणि मग सात महिने पोटात ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. डॉक्टर, दहा दिवस, कोठी, तीन वेळची ओकारी. पुडीच आपल्याला दुखवते आहे, माझं व्हायचं ते झालं, पण ही कोरी आहे, हिला कोरी राहू दे. एकीनं हातातली पुडी हळूच मांडीखाली सरकवली. मावशीनं शेकोटीत एक लाकूड सारलं. मग म्हणाली, “तू म्हणतेस ते खरंही असेल बाई. पण उतरायचं तर आत्ता आहे. पोरीनंच सांगावं.”

सगळ्या युनजूकडे बघू लागल्या. पोरीनं आईकडे पाहिलं नाही. तिनं मावशीच्या हातातली पुडी घेतली, कागद उलगडला, मान मागे टाकली आणि भुकटी बरोब्बर जिभेच्या मुळाशी ओतली. पाणी नाही, काही नाही. तोंडसुद्धा वाकडं झालं नाही. पहिल्यांदा घेणारी बाई खोकते, थुंकते, डोळ्यांत पाणी आणते. युनजूनं समुद्राकडे बघत बघत दोन बोटांनी रिकाम्या कागदाला पीळ दिला आणि त्याची गाठ मारली.

ओकसिम त्या गाठीकडे बघत राहिली. कोठीत फडकं बदलता बदलता पोरगी बाहेर का जायची, आपण स्वाधीन केलेला डबा कुणाच्या हाताशी असायचा, ते आता कुणी सांगायला नको होतं.

“दिवसाला किती?” तिनं हळू विचारलं, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं.

युनजू टोपी कानावर ओढत होती. “एखाददुसरी, आई,” ती म्हणाली.

बायका उठल्या. भोपळे खांद्यावर गेले, शिशाचे पट्टे कमरेला बसले. युनजूही उठली आणि खडकांवरून त्यांच्यामागे चालू लागली. ओकसिम बसलेलीच होती, आणि मावशी मागे डबा आवरत होती. आज एकटं पाठवायचं म्हटलेल्या पोरीला आता एकटं सोडवेना, आणि या डोक्यानं तर पाण्यात जाता येत नव्हतं. तिनं मावशीपुढे हात पसरला. मावशीनं तिच्या तळव्यावर पुडी ठेवली, आणि थोडं थांबून आणखी एक ठेवली.