शिट्टीबाईची उडी

आमच्या शाळेतल्या खेळाच्या बाईला सगळे शिट्टीबाईच म्हणत, अगदी शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत. मी चित्रकला शिकवते. माझा वर्ग मैदानाला लागून, त्यामुळे तिची शिट्टी दिवसभर माझ्या कानाशी. मुलींना दोरीवरच्या उड्या शिकवताना ती नुसत्या सूचना देत नसे, ओढणी कमरेला बांधून स्वतः उड्या मारायची. "पोट आत! श्वास रोखा! ढिलं सोडायचं नाही!" हा तिचा ठरलेला आरडाओरडा.

दुसऱ्या बाळंतपणानंतर ती कामावर परतली आणि उड्या थांबल्या. मला वाटलं, अंग जड झालं असेल. मग तिच्या पिशवीत जादा सलवार दिसू लागली. शिंक आली की ती पायाला पाय आवळून उभी राहायची. एकदा मुलींना दाखवायला म्हणून तिने उडी मारली आणि दोरी तिथेच टाकून ओली सलवार सावरत धावत आत गेली. हसलं कुणीच नाही, पण तिने त्याचा धसकाच घेतला. वर्षअखेरीस तिने आपणहून मैदान सोडलं आणि शाळेच्या ग्रंथालयात जाऊन बसली. शिट्टी नव्या सरांच्या गळ्यात गेली. पुस्तकांना चिठ्ठ्या डकवणारी शिट्टीबाई मला बघवत नसे.

तिची थोरली बहीण मोठ्या दवाखान्यात नर्स. दुखण्याखुपण्यात हिच्यासाठी ताईचा शब्द शेवटचा. "ताई म्हणते, मूल झालं की असं होतंच. सगळ्या बायका सहन करतात, गवगवा करायचा नसतो," असं तिने मला सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. त्यात ही बया पोट घट्ट व्हावं म्हणून घरी श्वास रोखून व्यायाम करत होती, आणि तोही कधीकधी ताईच्या डोळ्यांदेखत.

मी तिला जवळजवळ ओढतच एका फिजिओथेरपिस्टकडे नेलं. त्या बाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "श्वास रोखून तुम्ही सगळा जोर खाली ढकलताय. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, ती बाळंतपणात सैल पडलीय. तिच्यावर भार टाकू नका, तिला ताकद द्या." लघवी अडवताना जे आवळतो ते वर ओढायचं, जरा धरायचं, मग पूर्ण सोडायचं. शिट्टीबाईला नेमकं सोडणंच जमेना. जन्मभर "ढिलं सोडायचं नाही" म्हणून ओरडलेली बाई ती! आम्ही दोघी पोट धरून हसलो. पण नंतर तिने नेटाने व्यायाम केला आणि काही महिन्यांत ती जादा सलवार पिशवीतून गेली.

कधी एकदा ताईला सांगते असं तिला झालं होतं. मलाही बरोबर नेलं. ताईने चहा पुढे ठेवला. ही चहा सोडून खुर्चीतच धडा द्यायला लागली. "हे बघ ताई, आधी घट्ट आवळायचं, मग..."

"तसं नाही गं," ताई सहज म्हणाली. "श्वास सोडता सोडता वर ओढायचं. आणि मांड्या आवळायच्या नाहीत. सुरुवातीला मीपण मांड्याच आवळत होते."

बोलली आणि तिचं तिलाच कळलं.

"तू?" शिट्टीबाईने विचारलं. "तुला कधी झालं होतं?"

"धाकट्याच्या वेळी."

"म्हणजे माझ्याही आधी. आणि तू बरी झालीस?"

ताईने होकारार्थी मान हलवली. "पण तुला कसं सांगणार होते? तू विचारलं असतंस, तुला कसं माहीत म्हणून. मग आईला कळलं असतं, माझ्या सासरी कळलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं."

"तू नर्स आहेस, ताई. तुला कसं माहीत, हे मी कशाला विचारलं असतं?"

मला त्या बाईचा इतका संताप आला की माझाही चहा तसाच राहिला. आम्ही उठलो. दारापर्यंत पोचवायलासुद्धा ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर शिट्टीबाईने नव्या सरांकडून दोरी मागून घेतली. आपल्याच मैदानावर, परवानगी काढून. दम लागेपर्यंत उड्या मारल्या आणि कोरडी राहिली. मी टाळ्या वाजवायला लागले, तर तिने माझे हात धरले.

"टाळ्या नको गं," ती म्हणाली. "मी मैदान सोडलं त्या दिवशी ताईच्याच गळ्यात पडून रडले होते. तिने मला जवळ घेतलं, डोळे पुसले. आणि तेव्हाही गप्प राहिली."