साहेबाच्या मुलखाचं वर्षफल

हे गेले तो गुरुवार होता. सकाळी शाळेत गेले. दुपारी शाळेतून माणूस आला. संध्याकाळी घाटावरून मंडळी परतली आणि मी दिवा लावला.

त्याला आता वर्ष होत आलं. लिहायला बसते, दोन-चार वाक्यं होतात, मग हात थांबतो. थांबू दे. यांच्याबद्दल लिहायचं म्हटलं की आता राहते त्या सांगलीतलं काही आधी आठवत नाही. आठवतो तो साताऱ्यातला पाडवा, दुसरी मोठी लढाई संपत आली होती त्या वर्षीचा.

तेव्हा हे साताऱ्याच्या शाळेत इतिहास शिकवत. पेठेतल्या भटजींची नजर अधू झाल्यापासून पाडव्याचं पंचांगवाचन यांच्याकडे आलं होतं. यांचा त्यावर विश्वास नव्हता, पण आवाज मोठा होता आणि नाही म्हणायचा स्वभाव नव्हता. माणसं कडुनिंबाचा पाला चावत ओट्यावर बसत आणि हे वाचत. यंदा राजा अमुक ग्रह, मंत्री तमुक, पाऊस किती, धान्य स्वस्त की महाग.

त्या दिवशी वाचन संपल्यावर एक म्हातारे हवालदार उठलेच नाहीत. कृष्णाकाठी त्यांचा ऊस होता. बाजाराला आले की आमच्या ओट्यावर टेकत, मी चहा देत असे. पहिल्या लढाईत ते बसऱ्याला जाऊन आले होते. आता थोरला मुलगा इटलीत लढत होता, आणि धाकटाही भरतीला जायचं म्हणत होता.

"आवं मास्तर," ते म्हणाले, "ह्ये झालं आपल्या पावसापान्याचं. साहेबाच्या मुलखाचं काय? तिथं पुन्यांदा लढाई हुनार का न्हाई? त्ये तुमच्या त्या जाड पुस्तकात बगा की."

"त्यांचा मंत्री कायम शनीच हाय गड्या," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

हवालदार हसले नाहीत. "माजा धाकटा ऐकंना. लढाई मिटल तवा मिटल, पलटण तर ऱ्हाईलच, म्हनतोय. पुढं लढाई न्हाई असं असंल, तर जाऊ दे, दोन घास सुखाचे खाईल. आनि असंल तर मला त्यो घरी पायजे. पुढच्या बाजाराला येतो. बगून ठिवा."

घरात आल्यावर हे कपाटापाशी नुसते उभे राहिले. रोमचा इतिहास होता, ग्रीसचा होता, फ्रान्सचा होता. पुस्तकं सगळी इंग्रजी. मी मराठी सातवी झालेली. इंग्रजी यांनीच शिकवलं, तेही याच पुस्तकांवर, त्यामुळे मला भाजीपाल्याचे इंग्रजी शब्द येत नसत पण रोमच्या सिनेटसभेबद्दल बोलता येई.

जेवताना मी विचारलं, "मग काय सांगणार त्यांना?"

"वर्गात मी काहीही ठासून सांगतो," हे म्हणाले. "साम्राज्यं का बुडतात, राज्यक्रांत्या का होतात. त्यावरून कुणी आपला मुलगा पाठवत नाही की ठेवून घेत नाही. इथे तसं नाही." आणि ताटातली आमटी तशीच राहिली.

पुढच्या बाजाराला हवालदार आले. रोमच्या इतिहासाचं जाड पुस्तक ओट्यावर काढून ठेवलेलं होतं. त्यांनी चप्पल काढली आणि पुस्तकावर विडा-सुपारी ठेवली.

"अहो हवालदार, हे पंचांग नव्हे."

"असू द्या. इचारायचं तर मोकळ्या हातानं कसं?"

यांनी सुपारी काढली नाही. पुस्तक न उघडताच बोलू लागले. "यात पुढचं लिहिलेलं नाही, मागचं आहे. मागच्या लढाईत जिंकलेल्यांनी हरलेल्यांना नागवलं. हरलेला देश उपाशी आणि चिडलेला. एक जण उठला, म्हणाला, सगळं माझ्यावर सोपवा; लोकांनी सोपवलं. रोममध्येही लोक रोजच्या भांडणांना विटले होते. सत्ता एकाच्या हाती गेली. गंमत अशी की सभा पुढेही भरतच राहिली. फक्त तिच्यात काही ठरत नसे."

"आमच्या पंचायतीगत," हवालदार म्हणाले.

"तर आता बघायचं ते एवढंच. या खेपेला जिंकलेला हरलेल्याच्या पोटाचं बघतो का, आणि दमलेली माणसं आपली भांडणं सभेतच भांडतात का. तसं झालं तर तो मुलूख सावरेल."

"आन् तसं हुईल का?"

"ते मला माहीत नाही."

मी दारात चहा घेऊन उभी होते. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. "वैनी, एवढी कपाटभर पुस्तकं आन् मास्तरास्नी ठावं न्हाई."

"मलाही हेच सांगतात," मी म्हटलं.

ते बशीत चहा ओतून प्यायले. मग म्हणाले, "बसऱ्याला आमचा साहेब ठासून म्हनला हुता, ही अखेरची लढाई. तुमच्या पोरास्नी बंदूक बगायला मिळायची न्हाई. मी खरं धरलं. आज थोरला इटलीत हाय. ठावं न्हाई म्हननारं तुमीच पयलं भेटला. धाकटा शेतावरच ऱ्हाईल."

हे घाबरले. "माझ्या सांगण्यावरून असं काही ठरवू नका."

"तुमी काय सांगितलंच न्हाई की," हवालदार म्हणाले आणि उठले.

थोरला पुढे सुखरूप परतला. त्याच्या आधीच आम्ही सांगलीला आलो होतो. यांना इथल्या शाळेत जागा मिळाली होती. वर्गात ठासून सांगणं यांनी सोडलं. मुलांना प्रश्न घालत आणि उत्तराची वाट बघत. परीक्षेला ते फारसं उपयोगी नव्हतं, पण घरी येताना चेहरा प्रसन्न असे. जिंकलेले देश युरोपात धान्य आणि पैसा पाठवत आहेत, हरलेल्यांनाही, अशी बातमी आली तेव्हा वर्तमानपत्र माझ्यापुढे धरून नुसते म्हणाले, "बघू." त्या दिवशी दोनदा चहा मागितला.

हे गेल्यावर हवालदार भेटायला आले होते. बरोबर धाकटा होता, उन्हानं रापलेला. ढेप खाली ठेवून तो म्हणाला, "यंदाचा गूळ हाय." हवालदारांनी साहेबाच्या मुलखाबद्दल काही विचारलं नाही. मी चहा ठेवला.

दुपारी काम आवरलं की मी यांच्या त्या रोमच्या पुस्तकाची थोडी पानं वाचते. अडलं तर शब्दकोश काढते. धाकटा ऊस लावतो. थोरला अजून पलटणीत आहे.