एक जुलैला जन्मलेलं गाव

बोरी अरबच्या बाजारापासून तीन कोसांवरच्या त्या खेड्यात शाळेत जाणारी सगळी मुलं एक जुलैला जन्मली होती. त्यांचे जन्म मीच लावले होते. शाळा दोन मास्तरांची, त्यातला मी धाकटा, आणि दाखल-खारीज रजिस्टर माझ्या ताब्यात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बाप पोरांना घेऊन येत. कधी झाला म्हणून विचारलं की सांगत, "तूर सोंगून राह्यलो होतो, गुरुजी, तवा." मी पोराला उजवा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावायला सांगे. कान हाती आला की पोर सहा वर्षांचं. मग त्या हिशेबानं साल धरायचं आणि पुढे एक जुलै लिहून मोकळं व्हायचं. या कामात मला कधीच काही वावगं वाटलं नाही. उलट, ज्यांना स्वतःच्या मुलाची जन्मतारीख ठाऊक नाही अशा लोकांची मला कीव येई. कीव हा शब्द मी आता वापरतो. तेव्हा ती शुद्ध तुच्छता होती.

कारण मी तारखांचा माणूस होतो. शाळेच्या दाराशी एक फळा होता, त्यावर मी रोज सकाळी दिनविशेष लिही. यवतमाळला ट्रेनिंगला असताना जुन्या वर्तमानपत्रांतून उतरवलेली एक जाड वही माझ्याजवळ होती. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक पान. कुठला राजा गादीवर बसला, कुठलं जहाज बुडालं, कुणी कसला शोध लावला. शेणाच्या हातांनी शाळेत येणाऱ्या मुलांना मी फ्रान्समधला तुरुंग कधी फुटला ते पाठ करायला लावत होतो आणि याला ज्ञानदान म्हणत होतो. तपासणीला येणारे साहेब फळ्यापुढे उभे राहून मान डोलावत. त्यांनाही त्यातलं काही कळत नसे; पण अक्षर वळणदार होतं.

बासष्ट साली एक गृहस्थ मुलीला घेऊन आला. दारव्ह्याच्या जिनात कापसाच्या गाठी बांधायला जाई. बौद्ध वस्तीतला. पांढरा सदरा, हातात टोपी. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा असेल, पण मी त्याला अरेतुरेच करत होतो. वस्तीतल्या सगळ्यांनाच करत होतो.

"कधीची रे पोरगी?"

"चौदा ऑक्टोबर, एकोणीसशे छप्पन," तो म्हणाला. पाठ केल्यासारखा नव्हे, अगदी सहज.

मी लेखणी थांबवली. त्या खुर्चीत बसल्यापासून पहिल्यांदा कुणी मला पूर्ण तारीख सांगितली होती. शेजारी बसलेले हेडमास्तर हसले. "नागपूरच्या दीक्षेच्याच दिवशी? वा! आता तुमच्या वस्तीतली सारी पोरं त्याच दिवशी जन्मतील."

"साऱ्यांचं नाई माहीत, साहेब. हिचं माहीत हाय."

"तू गेलता का दीक्षेला?" मी विचारलं.

"नाई जमलं." तो मुलीच्या डोक्यावर हात ठेवून उभा होता. "सारी वस्ती गेली. कोनी मोटारीनं, कोनी पायी. मी बी पांढरे कपडे धुऊन ठेवलते. आदल्या राती हिच्या मायच्या पोटात दुखाले लागलं. घरात दुसरं बाईमानूस नाई. मंग मी राह्यलो. दुपारी हे झाली. माही दीक्षा मंग मागून, इकडंच झाली." मुलीकडे बघत म्हणाला, "तिकडं मले जाता नाई आलं. पन त्या दिसाची हे हाय ना माह्यापाशी."

हे सारं खरं होतं हे मला त्याच क्षणी कळलं. छप्पन साली मी यवतमाळलाच होतो. पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया, कडेवर पोरं, डोक्यावर भाकरीची गाठोडी, अशी माणसं रस्त्यानं जाताना मी स्वतः पाहिली होती. वहीत मात्र ती उतरवली नव्हती. वहीतल्या चौदा ऑक्टोबरच्या पानावर इंग्लंडमधली हेस्टिंग्जची लढाई होती, सन दहाशे सहासष्टची.

अडचण एवढीच होती की त्या तारखेनं मुलीला सहा वर्षं पुरी होत नव्हती. तिला पुढल्या जुलैत घ्यावं लागलं असतं. आणि पट एकानं कमी होता. पट भरला नाही तर दुसऱ्या मास्तराची जागा जाणार होती, आणि जागा गेलेल्यांना झरी जामणीकडच्या जंगलातल्या शाळांवर पाठवत. मला बोरीचा बाजार, दर शनिवारी मिळणारी मोटार आणि माझी उबदार खोली सोडायची नव्हती. यापेक्षा मोठं कारण नव्हतं. असतं तर आज सांगताना बरं वाटलं असतं.

"पुढल्या साली आनू का मंग?" त्यानं स्वतःच विचारलं. "चालन मले. तारीख बराबर पाह्यजे."

"काही गरज नाही. लिहिली बघ तुझी तारीख," मी म्हणालो, आणि एक जुलै लिहिली.

"दाखवता का, गुरुजी? आकडे येतात मले वाचता."

"सरकारी रजिस्टर आहे. असं कुणालाही दाखवत नसतात."

त्यानं हात जोडले. तो गेल्यावर हेडमास्तर म्हणाले, "जमलं बुवा पटाचं," आणि आम्ही चहा मागवला.

मुलगी चांगली निघाली. तिसरीत असताना चौदा ऑक्टोबरला तिनं वर्गात उभं राहून सांगितलं, "गुरुजी, आज माहा जलमदिवस हाय." वर्ग हसला. जन्मदिवस नावाची वस्तू त्या मुलांना एकच ठाऊक होती, जुलैतली, आणि तीही माझ्याकडून. एकजण ओरडला, "गुरुजी, हे लबाड बोलून राह्यली!" मी तिला खाली बस म्हणालो. बाहेरच्या फळ्यावर त्या सकाळी मी हेस्टिंग्जच लिहिलं होतं, आणि इंग्रजांच्या राजाला बाण कुठे लागला तेही. वस्तीत त्या दिवशी झेंडा लागला होता, तो शाळेतून दिसत होता.

सहासष्ट सालच्या मे महिन्यात ती चौथी पास झाली. पाचवीसाठी बोरीला जायचं म्हणून दाखला दिला. तिनं तो घरी वाचला.

दुसऱ्या दिवशी बाप आला, तिला घेऊन. हेडमास्तर निवृत्त व्हायचे होते, त्यांच्या जागेसाठी माझं नाव वर गेलं होतं. रजिस्टरातली खाडाखोड म्हणजे वर खुलासा पाठवणं. त्यानं दाखला टेबलावर ठेवला, तेव्हाच माझं हे सारं मनात मोजून झालं होतं.

"गुरुजी, हे काय झालं?"

"जे रजिस्टरात आहे तेच दाखल्यात येतं. आता बदलत नाही."

"मी तुमाले तारीख सांगतली होती. तुमी लिवली म्हनले."

"चार वर्षं झाली त्याला. माझ्या लक्षात नाही."

तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. ओरडणाऱ्या माणसाला शाळेबाहेर कसं काढायचं ते मला येत होतं. तो चिडला नाही. मुलीला पुढे करून म्हणाला, "नका बदलू. तारखेचं राहू द्या. पन हिले एक सांगा. काल रातपासून हे मले म्हनून राह्यली, बाबा, तुमी उगीच सांगता. माहा जलम त्या दिसाचा नाईच. गुरुजींनं लिवलं ते खोटं कसं राहीन? तुमी नागपूरले गेले नाई, म्हनून माह्यावर ढकललं." त्याचा आवाज खाली गेला. "तुमच्या तोंडानं सांगा हिले. तुमचं आयकते ते. बापानं बराबर सांगतलं होतं, एवढंच म्हना. मंग आमी जातो."

एक वाक्य हवं होतं त्याला. कागद नाही, सही नाही, वर काही कळणार नव्हतं. खोलीत आम्ही तिघंच होतो. तरीही मला वाटलं, आज कबूल केलं तर उद्या हा चार माणसं घेऊन येईल. चार माणसं आणणारा तो नव्हता हे मला माहीत होतं.

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिचा आवडता मास्तर होतो.

"बाई," मी तिला म्हणालो, "कागदावर असतं तेच खरं धरायचं."

तिनं मान डोलावली. टेबलावरचा दाखला उचलून नीट घडी घातली. बापानं घ्यायला हात पुढे केला होता, पण तिनं तो त्याच्याकडे दिला नाही, स्वतःच्या पिशवीत ठेवला आणि त्याच्या आधी बाहेर पडली.