ज्यादाचे दिवे

गाडी सुरू झाली की शालनबाईंचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. त्यांच्या बाजूला ब्रेक नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. तरी चऱ्होलीहून निघून आळंदी रस्त्याला लागेपर्यंत पोटरीत गोळा आलेला असायचा. तोंडानं मात्र त्या सहज गप्पा मारल्यासारखं बोलत राहायच्या.

"डावीकडनं दुचाकी येतीय बघा. पोरगं फोनवर बोलतंय मेलं. आता म्हशी. थांबा, थांबा... हां, गेल्या."

"दिसतंय मला," सोपानराव म्हणायचे, आणि मग ब्रेक लावायचे.

आधी 'दिसतंय', मग ब्रेक. हा क्रम उलटा आहे, हे शालनबाईंच्या कानाला कितीतरी दिवस कळत होतं. मनानं ते लांब ठेवलं होतं.

चऱ्होलीत सोपानराव म्हणजे गाडी आणि गाडी म्हणजे सोपानराव. गावात रिक्षा यायला कुरकुरत होती तेव्हापासून कुणाला फुरसं चावलं, कुणाची सून अडली की पहिली थाप सोपानरावांच्या, म्हणजे गावाच्या नानांच्या, दारावर पडायची. तेव्हा जुनी जीप होती. पुढं शेताच्या जागी इमारती आल्या आणि दारात चारही चाकांना ताकद असलेली मोठी काळी गाडी आली. "ओढ्यातनं घाला, चिखलातनं घाला, कुठनं बी निघती," असं नाना अभिमानानं सांगायचे. आता ओढ्यावर स्लॅब पडला होता आणि चिखलाच्या जागी सोसायट्यांची फाटकं होती. तरी चार चाकांची ताकद गंजू नये म्हणून ते रविवारी गाडी खाणीकडे नेऊन उगाच दगडांवरून चढवून-उतरवून आणायचे.

त्या गाडीतही शालनबाईंची जागा मागेच होती. आधी पुढची सीट सासूबाईंची. सासूबाई गेल्यावर पाहुण्या पुरुषांची, आणि कुणी नसेल तर सोपानरावांच्या टोपीची. शालनबाई मागे, मांडीवर डबा नाहीतर कुणाचं तरी लेकरू. मागून काही बोललं की पुढून उत्तर यायचं, "गप बस. गाडी मी चालवतोय का तू?" आणि त्या गप्प बसायच्या.

गेल्या वर्षी श्रावणात मात्र सोपानराव अचानक म्हणाले होते, "आगं, मागं कशाला? पुढं ये की."

शालनबाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण नाही. मग रोजच सुरू झालं. संध्याकाळी कुठं निघायचं म्हटलं की, "चल, येतीस का?" सोयरिकीच्या घरी, बाजाराला, साधं डिझेल भरायला. आणि त्या बोलल्या तरी आता ते डाफरत नव्हते. शेजारच्या यशोदाबाईंनी एकदा फाटकातच गाठलं.

"काय गं शालन, म्हातारपणी नवरी झालीस व्हय? रोज पुढच्या सीटवर!"

"तुमचं आपलं कायतरीच," म्हणत शालनबाई लाजल्या होत्या. खऱ्याच लाजल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातली मोरपंखी साडी काढली. आरशासमोर पावडरचा डबाही उघडला.

आता मात्र लेक मोनिका घरी आली होती. पहिलं बाळंतपण, म्हणून रीतीप्रमाणे माहेरी. भोसरीच्या दवाखान्यात नाव नोंदवलेलं होतं. दिवस भरत आले होते आणि डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं की आता कधीही निघायची तयारी ठेवा, दुखायला लागलं की वाट बघत बसू नका. पोरगी पोटावर हात ठेवून अंगणात फेऱ्या मारायची आणि शालनबाई हातातलं काम टाकून दारातून बघत राहायच्या.

"रुग्णवाहिकेचा नंबर लिहून ठेवू का?" त्यांनी एकदा विचारलं.

"कशाला?" सोपानराव उसळले. "आख्ख्या गावच्या सुना म्या नेल्या, आन माझी लेक दुसऱ्याच्या गाडीत जाणार? फक्त दिवे कमी पडत्यात. ज्यादाचे दिवे बसवून घिऊ."

तो 'फक्त' शालनबाईंना खटकला. कारण गाडीचे दिवे दोनदा तपासून झाले होते. मेकॅनिकनं बल्ब बदलले, काचा घासल्या, आणि शेवटी वैतागून म्हणाला होता, "नाना, आता चंद्र बांधू का वर?"

मोशीच्या पुढं हायवेला कुलदीपचं दुकान होतं. गाड्यांना जाळ्या, सीट कव्हर, दिवे असलं सगळं बसवून द्यायचं. समोरून चाकणकडे जाणारे कंटेनर धडधडत होते, धूळ उडत होती, कंपन्यांच्या बसेस एकामागोमाग शिफ्ट उतरवून परत चालल्या होत्या. दिवस थंडीचे, सूर्य लवकर कलायचा. इतक्या दूर येईपर्यंत शालनबाईंनी दोन वेळा डोळे मिटले होते आणि दोन्ही वेळा लगेच उघडले होते. आपण डोळे मिटले तर कसं चालेल, असा विचार मनात आला आणि मग त्या विचाराचीच त्यांना भीती वाटली.

दुकानाच्या मागच्या बाजूला मोकळी जागा होती, तिच्या टोकाला कंपाउंडची भिंत. कुलदीपनं एका लोखंडी घोड्यावर वेगवेगळे दिवे लावून ठेवले होते. बटण दाबलं की भिंतीवर उजेड पडायचा.

"हे बघा काका. हा स्पॉट. काठीसारखा सरळ लांब जातो, पण बाजूचं काही दाखवत नाही. हा फ्लड. अंगणभर पसरतो, पण लांब जात नाही. आणि हा पिवळा. धूळ-धुकं असलं तर पांढऱ्यापेक्षा हा बरा. चालवता कुठं जास्त?"

"समदीकडं."

"तसं नाही, रात्री कुठं?"

सोपानरावांच्या आधी शालनबाईच म्हणाल्या, "लेकीला भोसरीला न्यायचंय. दवाखान्यात. दिवस भरत आलेत."

"मग फ्लड घ्या काकू. तिकडं खड्डे, कुत्री, मधेच घुसणाऱ्या गाड्या. बाजूचं दिसायला पाहिजे."

"मला लांबचं बी पायजे आन बाजूचं बी," सोपानराव म्हणाले. "आन झगझगीत."

"काका, विमान उतरवायचंय का?" कुलदीप हसला. "आणि एक सांगतो, समोरून गाडी आली की हे बंद करायचे. त्याच्या डोळ्यावर मारले तर तो शिव्या घालणार आणि पोलिसांनी धरलं तर पावती वेगळी."

समोरून गाडी आली की बंद. शालनबाईंनी आपला रस्ता डोळ्यांपुढं आणला. त्या रस्त्याला समोरून गाडी नाही असा क्षण कुठं होता? म्हणजे दिवे असून नसल्यासारखे. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. ते भिंतीकडं बघत होते, पण बघत असल्यासारखे दिसत नव्हते. मान नुसती वळलेली होती.

"कुठला घ्यायचा?" कुलदीपनं विचारलं.

"तू सांग," सोपानराव बायकोला म्हणाले.

घराला रंग काढला तेव्हा भिंतीचा रंग त्यांनी शालनबाईंना विचारला नव्हता. मोनिकाचं स्थळसुद्धा पक्कं करून आल्यावर सांगितलं होतं. आणि गाडीचा दिवा तू सांग?

"काकू एक्स्पर्ट दिसतायत," कुलदीप म्हणाला आणि त्यानं फ्लड लावला. भिंत लख्ख झाली. डाव्या कोपऱ्यात रचलेली जुनी टायरं दिसली आणि त्यांच्यावर अंगाचं मुटकुळं करून बसलेलं एक मांजर.

"आवो, मांजर बघा कसं बसलंय," शालनबाई सहज बोलून गेल्या.

उजेडानं बिचकून मांजर उठलं, टुणकन भिंतीवर चढलं आणि पलीकडं उडी मारून गेलं. टायरं रिकामी झाली.

"व्हय की," सोपानराव उजवीकडं बघत कौतुकानं म्हणाले. "बसलंय मजेत."

कुलदीप वायर सोडवण्यात गुंतला होता, त्याचं लक्ष नव्हतं. शालनबाईंनी मात्र ते ऐकलं. त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. श्रावणापासूनची एकेक गोष्ट आपणहून समोर येऊन उभी राहायला लागली. ताटाशेजारचा सांडणारा तांब्या. अंधार पडल्यावर अंगणात निजलेल्या कुत्र्यावर पडलेला पाय. आणि 'चल, येतीस का?' चांगली साडी नेसून, पावडर लावून त्या ज्या सीटवर जाऊन बसत होत्या, तिथं त्यांना कशासाठी बसवलं होतं ते त्यांना आता कळलं. रडू येईल असं वाटलं. पण रडायला वेळ नव्हता. घरी मोनिका होती.

कुलदीपनं फ्लड बंपरवर बसवले, वायरी तात्पुरत्या जोडल्या. तोवर बऱ्यापैकी अंधारून आलं होतं.

"काका, गाडीत बसा. मागं घ्या आणि मग हळूहळू भिंतीकडं आणा. मी सांगेन तिथं थांबा. दिव्यांच्या माना खाली-वर करून देतो."

तो दुकानाच्या पायरीवर उभा राहिला, गाडीपासून चांगला लांब. शालनबाई पुढच्या सीटवर बसल्या. समोर दिवसासारखा उजेड होता. डाव्या हाताला, भिंतीच्या बरंच अलीकडं, पाण्यानं भरलेला निळा प्लास्टिकचा ड्रम होता. बाकी जागा मोकळी. माणूस नाही, काणूस नाही. शालनबाईंनी एकदा मागंपुढं पाहून खात्री केली आणि पदराचं टोक दातात धरलं.

गाडी हलली.

"येऊ द्या काका... येऊ द्या..." कुलदीपचं लक्ष भिंतीवरच्या उजेडाकडं होतं.

ड्रम जवळ आला. शालनबाईंच्या जिभेवर शब्द आला होता. सवयच ती. त्यांनी पदर आणखी घट्ट चावला. आता दिसेल. आता तरी दिसेल. एवढा निळा ड्रम, एवढा उजेड. देवा, दिसू दे. चाक वळेना, ब्रेक लागेना. मग धप्प आवाज झाला, ड्रम कलंडला आणि पाण्याचा लोट भिंतीपर्यंत गेला.

"ओ काका! ओ! ड्रम!"

"बोलली का न्हाईस?" सोपानराव बायकोवर ओरडले.

जे तोंडातून निघून गेलं ते दोघांनाही ऐकू आलं होतं. सोपानरावांचे हात चाकावर तसेच राहिले. बाहेर कुलदीप हसत पाण्यातून वाट काढत येत होता. "काका, ज्यादाचे दिवे लावून ड्रम उडवलात!" शालनबाईंनी काच खाली करून त्याला म्हटलं, "जरा थांब बाळा," आणि काच वर केली.

"कधीपास्नं?"

सोपानरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आदल्या पावसाळ्यापास्नं. कडंचं दिसतच न्हाई. आन अंधारलं की मधलं बी पुसट." मग आवाज खाली आणत म्हणाले, "आबांचं असंच सुरू झालं व्हतं."

आबा म्हणजे त्यांचे वडील. शेवटची वर्षं बाजेवर काढली. बाजेपासून मोरीपर्यंत आधाराला दोरी बांधली होती, ती शालनबाईंनीच. गाव त्यांना नावानं ओळखेनासं झालं होतं. 'आंधळे आबा' म्हणायचं.

"डाक्टरकडं का न्हाई गेला मग?"

"गेलो की नाव पडलं. मग कोण येतंय दारावर?"

"आन मला पुढं बसवलं ते ह्याच्यासाठी."

सोपानराव भिंतीकडं तोंड करून राहिले. मग म्हणाले, "तू सांगतीस ते बरं पडतं." एवढंच. शालनबाईंना ते लागलं, खोल लागलं. पण तो हिशोब त्यांनी पुढं कधीतरी करायचा म्हणून बाजूला ठेवला.

"मोनिकाला तुमी न्यायची न्हाई," त्या म्हणाल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याला एखादी गोष्ट करू नका असं त्यांनी आजवर तोंडावर सांगितलं नव्हतं. आज वाक्य पुरं झालं.

"मग कोण नेणार? आन गावात काय सांगू? नानाला दिसंना?"

हायवेवरून एक कंटेनर गेला, गाडीची काच थरथरली.

"सार्थकला फोन कर," सोपानराव शेवटी म्हणाले. "म्हनावं, बाळंतपण होईस्तोवर घरी येऊन ऱ्हा. सांग त्याला, आईला रातचं भ्या वाटतंय म्हणून."

म्हणजे भित्री आपण. शालनबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. उजेडाच्या कडेला त्यांचा चेहरा एकदम म्हाताऱ्या माणसाचा दिसत होता.

"सांगते. खोटं बी न्हाई ते. पण सोमवारी डोळ्याच्या डाक्टरकडं यायचं माझ्यासंगं. न्हाईतर सार्थकला खरं काय ते सांगीन."

"धमकी देतीस?"

"व्हय."

त्यांचा मुलगा सार्थक पुनावळ्याला राहत होता, नोकरी हिंजवडीला. फोन उचलला तेव्हा तो ट्रॅफिकमध्येच अडकलेला होता. मागे हॉर्न वाजत होते.

"काय गं आई, पप्पा असताना तुला कसली भीती? अख्ख्या गावाला नेणारा माणूस!"

"वाटतीय मला. तू ये. आजच ये. मोशीला ये आधी, कुलदीपच्या दुकानात. गाडी तू चालवायची."

"चऱ्होलीवरून हिंजवडी रोज? आई, मी ऑफिसात पोचेपर्यंत घरी यायची वेळ होईल."

"होऊ दे."

"अगं पण पप्पा काय म्हणतील?"

"त्यांनीच सांगितलंय. म्हणाले, तुझी आई घाबरट हाय."

पलीकडं सार्थक मोठ्यानं हसला. "ते खरंय," तो म्हणाला. "येतो."

शालनबाईंनी फोन ठेवला, काच खाली केली आणि पोरगा गाडी न्यायला येतोय म्हणून कुलदीपला सांगितलं. कुलदीप बटणाचा संच हातात घेऊन उभा होता. "काका, तुमचा पोरगा येईपर्यंत हे लावून टाकतो. स्विच कुठं बसवू? सगळे उजव्या हाताला घेतात."

सोपानरावांनी चावी काढली, हातात धरून ठेवली. मग मान वळवली, आवाजाच्या दिशेनं.

"डाव्या बाजूला बसव," ते म्हणाले. "आता पोरगा चालवनार, आन त्यो डावरा हाय."