सरळ कोपर

आज खाली सोसायटीत गवत कापलं आणि त्या ओल्या हिरव्या वासानं मला थेट नगरच्या लष्करी मैदानावर नेऊन उभं केलं. तेव्हा मी तिशीची, फौजी अधिकाऱ्याची बायको. डोक्यावर पांढरी टोपी, तोरा मेमसाहेबाचा, माहेर मात्र पारनेरचं.

सीमेवर जाताना हे म्हणाले होते, "गोल्फ खेळतेस की विटीदांडू? कोपर सरळ ठेवायला शीक. मी आलो की दोघं खेळू."

मग काय, रोज सकाळी मी एकटी मैदानात! जुना फटका मोडला, नवा काही जमेना. चेंडू जागेवरच राहायचा, ढेकळं मात्र झकास उडायची. वेडीच होते मी. जणू माझं कोपर सरळ झालं की सरकार नवऱ्याला लगेच घरी धाडणार होतं.

एकदा ओळीनं वीसेक फटके चुकले आणि मी काठी आपटली. जवळच गवत खुरपणाऱ्या सखुबाई हसल्या. "बाई, राग कुनावर हाय? चेंडूवर तर न्हाई."

"कुणावर नाही. नवा फटका शिकतेय."

"व्हय व्हय. आमचं मालक पुण्याला कामाला गेलं, की मी बी असंच खुरपं आपटती."

त्यांच्याशेजारी दोन मिनिटं बसायचं सोडून मी शहाणी टोपी सारखी करत पुढच्या चेंडूकडे वळले.

हे वारले त्याला आता चार वर्षं झाली. मघाशी बाल्कनीत मिटलेली छत्री काठीसारखी धरून एक फटका मारला. कोपर अगदी सरळ होतं. आता दाखवू कुणाला?