निरगुडीचा ओला पाला

आईला कशाचंही कारण विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असे, "तसंच करायचं असतं." घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिला. शहापूरच्या शाळेपासून कॉलेजपर्यंत आई-बाबांनी चिखलात राबून मला शिकवलं, हे मी विसरलो नव्हतो. तरी त्या उत्तराने डोकं फिरायचं.

नाताळच्या सुट्टीत घरी आलो, तेव्हा बियाण्याचं भात कणगीत भरायचं होतं. धान्याला सोंडे लागू नयेत म्हणून आई भाताच्या थरांमध्ये निरगुडीचा पाला मूठमूठ घालत असे. पण आधी तो आठ दिवस पडवीत, सावलीत पसरायचा.

"लगेच घातला तर?" मी विचारलं.

"नाय."

"का पण?"

"तसंच करायचं असतं."

दुसऱ्या दिवशी ती शेणव्याला मामाकडे गेली. किडा वासाने पळतो, आणि ताज्या पाल्याला वास जास्त. मग आठ दिवस कशाला? पडवीतला हिरवा पाला घेतला, ओढ्यावरून आणखी दोन टोपल्या तोडून आणल्या, ओंजळीने थर दिले आणि कणगीचं तोंड शेणाने लिंपून टाकलं.

आठ-दहा दिवसांनी आल्यावर आईने विचारलं, "पाला वाळला व्हता?"

"हो," मी म्हणालो.

मे महिन्यात बियाण्याला ऊन द्यायला कणगी उघडली. आत एकही सोंडा नव्हता. होती ती बुरशी. भाताची काळपट ढेकळं झाली होती. एक ढेकूळ हातात घेऊन बाबा म्हणाले, "किडा नाय लागला, ह्ये खरं."

आईने मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. तीन दिवस मी ते फडकं उघडून बघत होतो.

"सारखं नको रे उघडू. तो काय तुझा निकाल हाय?" आई म्हणाली.

निम्म्याहून कमी दाण्यांना मोड आले. मग मी तिला सगळं खरं सांगितलं, ताज्या पाल्यामागचा माझा विचारही. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुज्याकडं कारण व्हतं, नाय का?" एवढंच बोलून ती दाणे निवडायला बसली.

ओल कोंडली की धान्य कुजतं, एवढं एक वाक्य तिने डिसेंबरात सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मला अजून तिचा राग येतो. पण पाला वाळला का, हे तिने विचारलं होतं, आणि मी हो म्हणालो होतो.

त्या वर्षी रोपं खालच्या खाचरापुरतीच झाली. वरचं खाचर पावसाळाभर गवताखाली राहिलं, आणि घरातून बाहेर पडलं की आधी तेच दिसायचं.