तांबडी ओढणी

ठाण्याच्या खाडीकाठी एक बाई रोज सायंकाळी तांबडी ओढणी घट्ट धरून उभी असे. तिची मुलगी कॅटमरान, म्हणजे दोन तळांची छोटी शिडाची होडी, चालवायला शिकत होती. लाटांवर फेस दिसला की आईने ओढणी फडकवायची आणि मुलीने परतायचे, असे ठरलेले होते.

एकदा वारा फार चढला आणि होडी कलली. मी तेव्हा काठावर तिच्या शेजारीच उभा होतो. अर्जलेखन हा माझा व्यवसाय असल्याने मी म्हणालो, "बाई, हे बंद करण्यासाठी मी अर्ज लिहून देतो."

"कोणाला, वाऱ्याला? राहू द्या, दादा!"

तिने ओढणी उचलली. परंतु तत्पूर्वीच मुलीने आपणहून होडी काठाकडे वळवली होती. बाईने शांतपणे ओढणीची घडी घातली.

हल्ली ती काठावर निवांत शेंगा सोलत बसते.